बिल्ट-इन डिशवॉशरसाठी ओट्याखालचे जुने शटर कापावे का?

कळंबेकरीण
नमस्कार. आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या नऊ वर्षांपूर्वी केलेल्या आहेत. ओटा ग्रॅनाइटचा असून त्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या आहेत आणि त्या फरश्यांच्या कडा झाकल्या जातील अशा बेताने सागवानी छटेची सनमायका लावलेली शटरे बसवलेली आहेत. गेल्या महिन्यात आम्ही ६० सेंमी रुंदीचा बिल्ट-इन डिशवॉशर घेतला. त्याच्या दारावर आपलेच शटर चढवायचे असते, म्हणजे बाहेरून तो नेहमीच्या कपाटासारखाच दिसतो, हे दुकानात पाहिले आणि तिथेच मोहात पडलो.

दोन कडाप्प्यांमधले मोकळे अंतर ६१२ मिमी आहे. जुने शटर ६३४ मिमी रुंद, ७१६ मिमी उंच आणि २० मिमी जाड आहे. जमिनीपासून ओट्याच्या तळापर्यंत ८२२ मिमी मिळतात, पण ट्रॉलीखाली १०० मिमी उंचीचा विटांचा, वर फरशी लावलेला चौथरा आहे. मशीनची उंची ८१५ मिमी आणि रुंदी ५९८ मिमी आहे. पुस्तिकेत शटरची उंची ७२० मिमीपर्यंत आणि वजन ८ किलोपर्यंत चालेल असे लिहिले आहे.

सनमायक्याची ती छटा आता बाजारात मिळत नाही, त्यामुळे हेच शटर वापरण्याची इच्छा आहे. मिस्त्री म्हणतात, "वहिनी, आहे तसं चढवू, नाही बसलं तर खालून दोन बोटं मारू." मला ही दोन बोटे कोणाची, हा प्रश्न पडला आहे. शटर एकदा कापले की परत जोडता येणार नाही, म्हणून आधी इथे विचारते.

शंकेखोर
एक प्राथमिक शंका. ८२२ मधून १०० वजा केले तर ७२२ उरतात. ८१५ मिमीचे मशीन त्यात कसे जाणार? आधी चौथरा, मग शटर.

कळंबेकरीण
मशीनच्या जागेपुरता चौथरा फोडायचा हे ठरलेलेच आहे. तेवढे कळते हो.

चुलीजवळ
गटारीच्या दुसऱ्या दिवशी तांबड्या रश्श्याची पातेली घासलेल्या कोणालाही हे मशीन का घेतले, हे समजावून सांगावे लागणार नाही. शटरबद्दल मला काही सांगता येणार नाही, परंतु चौथरा फोडल्यावर आतली जमीन स्वयंपाकघराच्या फरशीच्या पातळीला आणून घ्या. आमच्याकडे आत अर्धा इंच खोलगट राहिले होते. मशीनचे पाय फिरवून ते वर उचलता आले खरे, पण एकदा नळी गळली तेव्हा पाणी बाहेर न येता आतच साठून राहिले आणि आम्हाला ते आठवड्याने कळले.

गुण्या
मी बावीस वर्षे फर्निचरची कामे करतो आहे, त्या अनुभवावर लिहितो.

मिस्त्रींची चूक एवढीच आहे की ते या शटरला कपाटाचे शटर समजत आहेत. कपाटाचे शटर बाजूच्या बिजागरीवर फिरते, म्हणून त्याचा खालचा काठ आडवा सरकतो आणि त्याखाली एक सूत फट असली तरी भागते. डिशवॉशरचे दार खालच्या आसावर पुढे पडते. त्या आसाच्या खाली शटरचा जो भाग लोंबतो, तो दार उघडताना उलट दिशेने, म्हणजे आत सरकतो. आसाखाली ४० मिमी लोंबत असेल, तर दार पूर्ण आडवे झाल्यावर तो काठ जवळपास तेवढाच आत गेलेला असतो. तिथे स्कर्टिंग, म्हणजे शटरखाली जमिनीलगत समोर लावलेली आडवी फळी, असेल तर शटर त्याला अडते आणि जोर केला तर मशीनच्या बिजागरीवर ताण येतो.

यावर तीन मार्ग आहेत: शटर खालून कापणे, स्कर्टिंग खाली किंवा मागे घेणे, अथवा सरकत्या बिजागरीचे मशीन घेणे. शेवटच्या प्रकारात दार उघडताना शटर आपोआप वर सरकते, त्यामुळे लांब शटरही चालते. तुमचे मशीन घरात आलेले असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. शटर खालून कापले तर शेजारच्या शटरांशी खालची रेषा जुळणार नाही आणि ते रोज डोळ्यांत सलेल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे, की शटरची उंची आहे तशी ठेवा आणि स्कर्टिंग कापा.

निपाणीकर
गुण्या यांच्याशी सहमत. आमच्या बहिणीकडे शटर दीड इंच खालून कापले आहे. ओळीने पाच शटरे आणि मधलेच एक आखूड, त्यामुळे शाळेच्या फोटोत खाली बसायचे सोडून एकच मुलगा उभा राहावा तसे दिसते.

शंकेखोर
आखूड शटर म्हणजे मुलगा खाली बसला नसून त्याची चड्डी आखूड झाली आहे, असे म्हणायला हवे. उपमा तरी मोजून द्या.

उद्यमनगरी
सगळे उंचीवरच बोलत आहेत, पण मला काळजी रुंदीची वाटते. माझा व्यवसाय लेथचा आहे, सुतारकामाचा नाही, तरी फिरणारा भाग कुठे आपटेल हे पाहणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

शटर ६३४ आहे आणि कडाप्प्यांतले अंतर ६१२ आहे. म्हणजे शटर दोन्ही बाजूंना ११-११ मिमी कडाप्प्याच्या कडेवर चढते. कपाटासाठी ते योग्यच होते, कारण कडा झाकायच्या होत्या. परंतु गुण्या यांनी सांगितल्याप्रमाणे शटरचा खालचा भाग आत जाणार असेल, तर त्याचे दोन्ही कोपरे पहिल्या काही अंशांतच कडाप्प्याच्या कडांवर आपटतील. स्कर्टिंग कितीही खाली घेतले तरी हे टळणार नाही. खालचा भाग आत जायचा असेल तर शटर ६१२ पेक्षा अरुंदच हवे.

पुस्तिकेतली मापे ६०० मिमीच्या लाकडी कपाटाच्या हिशेबाने दिलेली असतात, म्हणून त्यांत साधारण ५९४-५९६ रुंदीचे शटर गृहीत धरलेले दिसते. कडाप्पा ही आपली गोष्ट आहे. ती पुस्तिका लिहिणाऱ्याने पाहिलेलीही नसेल.

गुण्या
उद्यमनगरी यांचे बरोबर आहे. मी मापे वाचली, पण शटर कडाप्प्यावर चढलेले आहे हा मुद्दा माझ्या लक्षातून सुटला. माझे वरचे मत दुरुस्त करतो: उंची तशीच, स्कर्टिंग खाली आणि रुंदी कमी.

पूरग्रस्त
खालच्या दोन कोपऱ्यांत फक्त खाचा मारल्या तर? बाकी शटर पूर्ण रुंदीचे राहील आणि कडाप्पेही झाकलेले राहतील.

गुण्या
करता येते, मी एका ठिकाणी केलेही आहे. पण खाच सनमायक्याच्या दर्शनी बाजूला दिसते, तिच्या आतल्या कोपऱ्यातून पुढे तडा जाण्याची शक्यता असते आणि त्या कोपऱ्याला कापलेली कड झाकायची पट्टी नीट बसत नाही. तिथूनच वाफ आत शिरते. ते काम मी आज पुन्हा करणार नाही.

कळंबेकरीण
उद्यमनगरी, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरोखर घाबरले, कारण मिस्त्री उद्या सकाळी येणार होते. त्यांना दोन दिवस थांबवले आहे. परंतु रुंदी कमी केली तर दोन्ही बाजूंना कडाप्प्याच्या काळ्या कडा उघड्या पडतील ना?

आणि खरोखर किती आत जाते हे कापण्याआधी कळावे कसे?

उद्यमनगरी
मशीन ज्या खोक्यातून आले तो पुठ्ठा अजून घरात आहे का? त्याचाच ६३४ × ७१६ चा तुकडा कापा, शटरच्या जाडीइतके होईपर्यंत थर चिकटवा, आणि मशीन जागेवर ठेवून, पाय फिरवून पातळीत आणून, तो पुठ्ठा दारावर शटरच्या अचूक उंचीला चिकटपट्टीने लावा. मग दार हळूहळू उघडा. पुठ्ठा जिथे दुमडेल तिथे लाकूड आपटणार आहे. कात्रीने थोडे थोडे कमी करत जा. पुठ्ठा चुकला तर रद्दीत जातो.

टिंबरमार्केटकर
पुठ्ठ्याची कल्पना उत्तम आहे. त्यात एक भर घालतो: मशीन किती पुढे ठेवायचे हेही त्याच वेळी ठरवा. शटर चढल्यावर त्याचा दर्शनी भाग शेजारच्या शटरांच्या रेषेत यायला हवा, म्हणून मशीनचे दार साधारण कडाप्प्याच्या कडेच्या रेषेत बसते. मागे नळ्या आणि वायर चेपल्या जात असतील तर मशीन पुढे ढकलले जाते आणि मग सगळी मापे बदलतात.

पूरग्रस्त
विषय शटरचा असला तरी ते कशाचे बनले आहे हेही विचारायला हवे. आमच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी आले. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची, शटरे पहिल्याच वेळी पावासारखी फुगली. प्लायची शटरे वाळल्यावर वापरण्याजोगी राहिली, फक्त ज्या कडांच्या पट्ट्या सुटल्या होत्या तिथे थर उघडले. त्यानंतर आम्ही डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची, शटरे केली. पाण्याला ती चांगली आहेत, पण स्क्रू त्यात प्लायसारखा पकडून राहत नाही. कळंबेकरीण यांचे शटर एमडीएफचे असेल तर कापलेली कड वाफेसमोर उघडी ठेवणे म्हणजे हळूहळू येणारा पूरच समजा.

कळंबेकरीण
प्लायच आहे. मागच्या बाजूला ७१० हा आकडा असलेला शिक्का अर्धवट दिसतो.

टिंबरमार्केटकर
मग ते आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लाय असावे. नशीबवान आहात. तरीही कापलेली कड बंद करावीच लागेल, कारण धुणे संपल्यावर दार उघडले की वाफ बाहेर पडते आणि वरच्या काठावर व बाजूच्या शटरांवर बसते. मशीनसोबत ओट्याखाली चिकटवण्याची एक वाफरोधक पट्टी येते. ग्रॅनाइटला तिची गरज नाही असे समजून अनेक जण ती फेकून देतात, परंतु ग्रॅनाइटखाली लाकडी चौकट असेल तर ती जरूर लावा.

गुण्या
आता कडाप्प्याच्या उघड्या कडांबद्दल. यावर उपाय तुमच्या शटरमध्येच आहे. शटरच्या दोन्ही बाजूंनी सारखे कापा आणि कापून निघालेल्या पट्ट्याच कडाप्प्याच्या कडांवर कायमच्या चिकटवा. छटा तीच, रेषा त्याच, जाडीही तीच, त्यामुळे मिटलेल्या स्थितीत ते एकच शटर वाटते आणि उघडताना फक्त मधला भाग फिरतो.

हिशेब असा करा. मधला भाग काठाच्या पट्टीसह ६०६ मिमी हवा, म्हणजे कडाप्प्यापासून दोन्हीकडे ३-३ मिमी मोकळे राहतील आणि मशीनच्या दारापेक्षा शटर दोन्हीकडे फक्त ४-४ मिमी बाहेर येईल, त्याने काही बिघडत नाही. काठाला १ मिमीची पट्टी लावणार असाल तर लाकूड ६०४ ला कापा. ६३४ मधून ६०४ गेले की प्रत्येक बाजूला १५ मिमी उरतात, त्यांतले ३ मिमी पात्याच्या जाडीत जातात आणि १२ मिमीची पट्टी हाती येते. तिला एक हात रंधा मारला की ११ मिमी होते. कडाप्प्याची तेवढीच कड तुम्हाला झाकायची आहे.

शंकेखोर
हे मात्र मानले.

निपाणीकर
पट्टीची जाडी धरून कापायचे हे लाल अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या बहिणीकडे आधी बरोबर मापाला कापले आणि मग दोन्ही बाजूंना २ मिमीची पट्टी चढवली. ४ मिमी वाढले आणि शटर शेजारच्याला घासू लागले. आखूड चड्डीचा तोच मुलगा, आता सदराही घट्ट.

उद्यमनगरी
मापांवरून आठवले. मिस्त्री इंच-सुतात मोजत असतील तर मिमीची मापे त्यांना तोंडी सांगू नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. इथे दोन्हीकडची फट बरोबर ३ मिमी आहे, म्हणजे मिस्त्रींची एक सुताची चूक झाली तर एका बाजूची फट संपली. ६३४ ला ते "पंचवीस इंच पक्के" म्हणतील, तिथेच १ मिमी गेला. मिमीची पट्टी त्यांच्या हातात द्या आणि पेन्सिलची खूण तुमच्यासमोर करून घ्या.

पूरग्रस्त
कोल्हापुरात मिमीचा आग्रह धरणे कठीण आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळीसुद्धा आपण फूट आणि इंचातच ऐकतो. ४३ फूट म्हटले की सामान आवरायचे, हे लहान मुलांनाही ठाऊक आहे. मीटरमध्ये सांगितले असते तर निम्मे गाव घरातच बसून राहिले असते.

चुलीजवळ
सनमायका कापताना कड तुटते, त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. आमच्या मिस्त्रींनी फरशी कापायच्या कटरला लाकडाचे पाते लावून शटर कापले आणि दर्शनी काठाला उंदराने कुरतडल्यासारख्या कपच्या उडाल्या.

टिंबरमार्केटकर
पाते ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूची सनमायका उडते. हातात धरायच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून शटरची चांगली बाजू खाली ठेवायची. टेबलवरच्या करवतीचे दात वरून खाली जातात, तिथे चांगली बाजू वर ठेवायची. तुमच्या मिस्त्रींनी बहुधा चांगली बाजू वर ठेवून, खूण नीट दिसते म्हणून तसे कापले असेल. खुणेवर आधी मास्किंग टेप लावावी आणि पाते बारीक दातांचे घ्यावे.

परंतु माझा सल्ला असा, की हे काम घरी करूच नका. दोन पात्यांचे पॅनेल-सॉ असलेल्या कारखान्यात शटर घेऊन जा. त्यात मुख्य पात्याच्या पुढे एक लहान पाते खालून हलका काप घेत जाते, त्यामुळे दोन्ही बाजू स्वच्छ निघतात. तिथेच यंत्रावर गरम गोंदाने पट्टीही लावून मिळते. दोन कापांचे काम अर्ध्या तासाचे आहे.

आणखी एक. तुमच्या शटरच्या एका बाजूला जुन्या बिजागरीची ३५ मिमी व्यासाची भोके असतील. ती काठापासून साधारण ५ मिमीवर सुरू होतात, म्हणजे तुमचा काप त्या भोकांतूनच जाणार आणि कडेला चंद्रकोर दिसणार. आधी त्यांत लाकडी गोल गोंदाने ठोकून बसवा, एक दिवस वाळू द्या आणि मगच कापा. मागची बाजू मशीनच्या दाराला चिकटणार असल्यामुळे तिथले जोड कोणाला दिसणार नाहीत.

कळंबेकरीण
भोकांचा विषय निघालाच आहे तर सांगते, की हँडल उजव्या बाजूला उभे आहे. डिशवॉशरला ते वर मधोमध आडवे हवे. जुन्या हँडलची दोन भोके दर्शनी बाजूला राहतील, त्यांचे काय करावे?

शंकेखोर
तिथे हात पुसायचा पंचा लटकवा.

गुण्या
मेणाच्या रंगीत कांड्या मिळतात, त्यांतल्या दोन छटा मिसळून भोके भरता येतात. सागवानी रेषांत ती जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, पण दिसतच नाहीत असे मी म्हणणार नाही. ते खटकत असेल तर उभे हँडल आहे तिथेच ठेवा आणि वरच्या काठाला मागून पकडता येईल अशी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावा. मात्र उभे हँडल धरून दार ओढू नका. एका कोपऱ्यातून रोज ओढल्याने दार पिळले जाते.

चुलीजवळ
स्क्रूची लांबी! आमच्याकडे पुस्तिकेसोबतचे स्क्रू मिस्त्रींना "लहान" वाटले म्हणून त्यांनी स्वतःजवळचे एक इंची मारले. २० मिमीच्या शटरमध्ये २५ मिमीचा स्क्रू. दर्शनी सनमायक्यावर दोन टोके अशी वर आली होती, की मी त्यांना आठ दिवस पिंपल म्हणत होते.

टिंबरमार्केटकर
शटरमध्ये १५ मिमीपेक्षा खोल काही जाऊ नये. मशीनसोबत कागदाचा साचा येतो, तो शटरच्या मागे मध्यरेषा जुळवून चिकटवा आणि त्यावरूनच खुणा करा. शटर दोन्हीकडून सारखे कापले असेल तरच मध्यरेषा जुनी राहते, हे लक्षात ठेवा.

उद्यमनगरी
वजनाचाही विचार व्हावा. ६०६ × ७१६ चे प्लाय, दोन्ही बाजूंची सनमायका धरून ६ किलोच्या आसपास जाईल, म्हणजे ८ च्या आत आहे. शटर चढवल्यावर दाराच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे स्क्रू सारखेच फिरवा. दार अर्ध्यावर सोडले तर तिथेच थांबायला हवे. धाडकन पडत असेल तर ताण वाढवा, आपोआप मिटत असेल तर कमी करा.

मशीन वर किंवा बाजूला घट्ट बांधले नाही, तर भरलेले दोन्ही रॅक बाहेर ओढल्यावर ते पुढे झुकते. लाकडी ओट्याला ते खालून स्क्रूने बांधतात. ग्रॅनाइटला तसे करू नका. कडाप्प्याच्या आतल्या बाजूला मागे-पुढे होणार नाही अशी लाकडी पट्टी इपॉक्सीने चिकटवा आणि मशीनचे बाजूचे कान त्या लाकडात बांधा. पण तुमच्याकडे दोन्ही बाजूंना ७-७ मिमीच जागा आहे, म्हणजे ६ मिमीचे प्लायच मावेल आणि त्यात स्क्रू फारसा धरणार नाही. म्हणून कानाच्या जागी कडाप्प्याला हळू गतीने, हातोड्याची धडक बंद ठेवून भोक पाडा आणि प्लग बसवा. कडाप्प्याला धडक दिली तर त्याचा पापुद्रा निघतो.

कळंबेकरीण
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पुठ्ठ्याचा प्रयोग केला. ६३४ चा पुठ्ठा दोन्ही कोपऱ्यांत दुमडला, दार एक वीतही उघडले नव्हते. उद्यमनगरी, तुमचे शतशः आभार. ६०६ चा पुठ्ठा कडाप्प्यांमधून सुटला, पण समोर लावायच्या १०० मिमीच्या स्कर्टिंगला अडला. ते कमी करत करत ७० ला आणले तेव्हा दार पूर्ण पडले. त्यामुळे मशीनपुरते स्कर्टिंग ७० मिमीचे, काढता येईल असे प्लायचे केले आहे. खाली वाकून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

शटर कारखान्यातून कापून आणले. बिजागरीच्या भोकांत लाकडी गोल आधीच बसवले होते, तरी एका ठिकाणी गोंद नीट धरला नव्हता आणि कापताना तो गोल निखळला. तिथे भरणी करून पट्टी लावली. दोन्ही पट्ट्या कडाप्प्यावर चिकटल्या आहेत आणि सनमायक्याच्या रेषा फटीच्या अलीकडून पलीकडे जुळतात, हे पाहण्यात मी दोनदा चहा गार केला. हँडल वर आडवे लावले असून जुनी भोके मेणाने भरली आहेत. गुण्या म्हणाले तशी ती जवळून दिसतात.

मिस्त्री काम झाल्यावर बराच वेळ दार उघडत-मिटत होते. शेवटी म्हणाले, "दोन बोटं मारली असती तर वाट लागली असती की हो." आता त्यांनी माझ्याकडचा तो पुठ्ठा नेला आहे, पुढच्या घरी दाखवायला.

निपाणीकर
अभिनंदन. बहिणीकडच्या आखूड शटरला खालून पट्टी जोडून लांब करता येईल का? तिच्याकडे सरकती बिजागरी आहे, असे आता पुस्तिका वाचल्यावर कळले.

गुण्या
म्हणजे कापायची गरजच नव्हती! जोड दिसेल, पण कापलेला तुकडा त्यांनी ठेवला असेल तर रेषा जुळतील. ठेवला आहे का?

निपाणीकर
विचारले. त्यावर सध्या पोळपाट ठेवतात.